मुक्तस्रोत कार्यप्रणालीवरील वैयक्तिक सर्व्हर : संचालन आणि आवृत्ती-अपग्रेड
(डेबियन वितरणाच्या विशेष संदर्भात)

सारांश

मुक्तस्रोत कार्यप्रणालीमुळे स्वतःचा सर्व्हर उभारणे आज एका व्यक्तीच्या आवाक्यात आले आहे. अध्यापन साहित्य, संशोधनाची टिपणे, ग्रंथसूची, छोटे संकेतस्थळ किंवा ई-मेल यांसाठी असा सर्व्हर चालविणारे प्राध्यापक अनेक आहेत. मात्र सर्व्हर उभारणे हे एका दिवसाचे काम असले, तरी तो सुरक्षित व अद्ययावत ठेवणे हे अनेक वर्षांचे काम आहे. त्यातील सर्वांत अवघड टप्पा एका प्रमुख आवृत्तीवरून दुसऱ्या आवृत्तीवर जाण्याचा, म्हणजेच अपग्रेडचा होय. प्रस्तुत लेखात डेबियन या वितरणाच्या आधारे या प्रक्रियेचे स्वरूप, पूर्वतयारी, नेहमी उद्भवणाऱ्या अडचणी आणि त्यामागील कारणे स्पष्ट केली आहेत. सर्व्हरवरील खरी मालकी परवान्यातून नव्हे, तर तो पुन्हा उभारण्याच्या व अपग्रेड करण्याच्या क्षमतेतून सिद्ध होते, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : मुक्तस्रोत, लिनक्स, डेबियन, वैयक्तिक सर्व्हर, अपग्रेड, बॅकअप, सुरक्षा.

१. प्रस्तावना

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९९१ साली लिनस टॉरव्हॉल्ड्स यांनी लिनक्स कर्नलची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. या दोन प्रयत्नांच्या संयोगातून जी कार्यप्रणाली आकारास आली, तिच्यावर आज इंटरनेटवरील असंख्य सर्व्हर चालतात. तिचा वापर करण्यासाठी परवाना शुल्क द्यावे लागत नाही, तिची आज्ञावली कोणालाही पाहता येते व तीत बदलही करता येतो. त्यामुळे मोठ्या संस्थांना उपलब्ध असणारी साधने एखाद्या महाविद्यालयीन शिक्षकालाही त्याच स्वरूपात उपलब्ध झाली.

तथापि, ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ ‘निर्धास्त’ असा घेतला जातो तेव्हा अडचणी सुरू होतात. सर्व्हर हा सतत इंटरनेटशी जोडलेला संगणक असतो. तो सुरू झाल्यापासून थोड्याच वेळात स्वयंचलित आज्ञावल्या त्याची दारे ठोठावू लागतात. त्यावरील सॉफ्टवेअरमध्ये नवनवीन सुरक्षात्रुटी उघडकीस येत राहतात आणि प्रत्येक आवृत्तीच्या पाठिंब्याची मुदत केव्हातरी संपते. घरातील टेबलावरील संगणक जुना झाला तर गैरसोय केवळ मालकाची होते. दुर्लक्षित सर्व्हर मात्र इतरांवरील हल्ल्यांचे साधन बनू शकतो. म्हणून संचालन आणि अपग्रेड यांचा विचार सर्व्हर उभारण्यापूर्वीच होणे आवश्यक आहे.

२. वैयक्तिक सर्व्हर : स्वरूप व निवड

वैयक्तिक सर्व्हर दोन प्रकारे चालविता येतो. पहिला प्रकार म्हणजे घरी किंवा विभागात ठेवलेला संगणक. वापरातून बाद झालेला एखादा जुना संगणक यासाठी उपयोगी पडतो. या प्रकारात माहिती प्रत्यक्ष ताब्यात राहते. मात्र खंडित वीजपुरवठ्यासाठी यूपीएसची सोय करावी लागते आणि इंटरनेट जोडणीचीही अडचण येते. अनेक सेवादाते एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतात. अशा जोडणीवरील सर्व्हरपर्यंत बाहेरून थेट पोहोचता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र स्थिर पत्ता घ्यावा लागतो किंवा आयपीव्ही-६चा आधार घ्यावा लागतो.

दुसरा प्रकार म्हणजे मासिक भाड्याने घेतलेला आभासी सर्व्हर. येथे वीज, जोडणी आणि यंत्राची दुरुस्ती यांची जबाबदारी सेवादात्याची असते. परंतु कार्यप्रणाली, तिची सुरक्षा आणि तिच्यावरील माहिती यांची जबाबदारी मात्र भाडेकरूचीच राहते. भाडे भरले म्हणजे अपग्रेडही आपोआप होईल, हा समज चुकीचा आहे.

सर्व्हरवर काय ठेवावे याचाही विवेक हवा. स्वतःची टिपणे, व्याख्यानांचे साहित्य किंवा ग्रंथसूची ठेवणे ही एक गोष्ट झाली. विद्यार्थ्यांचे गुण, दूरध्वनी क्रमांक किंवा पत्ते ठेवणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. भारतात डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली अधिनियम संमत झाला आहे. केवळ सर्व्हर ‘वैयक्तिक’ आहे म्हणून त्यावरील इतरांची माहिती खासगी बाब ठरत नाही. अशी माहिती संस्थेच्या अधिकृत व्यवस्थेतच असणे इष्ट होय.

३. डेबियनची रचना आणि आवृत्तीचक्र

लिनक्सवर आधारित अनेक वितरणे उपलब्ध आहेत. त्यांपैकी कोणते निवडावे, हा प्रश्न प्रामुख्याने दीर्घकालीन पाठिंब्याचा आहे. सेंटॉस या लोकप्रिय वितरणाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. सेंटॉस ८ ही आवृत्ती २०१९ साली प्रसिद्ध झाली व तिला २०२९पर्यंत पाठिंबा मिळेल अशी अपेक्षा होती. परंतु डिसेंबर २०२० मध्ये धोरण बदलल्याचे जाहीर झाले आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी हा पाठिंबा थांबला. या निर्णयानंतर अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स ही पर्यायी वितरणे २०२१ साली पुढे आली. आज्ञावली मुक्त असल्यामुळेच हे पर्याय उभे राहू शकले. तरीही हजारो सर्व्हरचालकांना अनपेक्षित स्थलांतर करावे लागले, ही वस्तुस्थिती आहे.

डेबियन हा प्रकल्प इअन मरडॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू केला. तो कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचा नाही. स्वयंसेवक तो चालवितात आणि १९९७ साली स्वीकारलेला ‘सामाजिक करार’ हा त्याचा पाया आहे. वापरकर्ते आणि मुक्त सॉफ्टवेअर यांना प्राधान्य देण्याचे व उणिवा न लपविण्याचे अभिवचन त्यात आहे. प्रकल्पाची वार्षिक परिषद सप्टेंबर २०२३ मध्ये कोची येथे भरली होती.

डेबियनच्या तीन शाखा असतात. नवे पॅकेज प्रथम ‘अनस्टेबल’ शाखेत येते, ठरावीक काळ गंभीर दोष न आढळल्यास ते ‘टेस्टिंग’मध्ये जाते, आणि साधारण दोन वर्षांनी ‘टेस्टिंग’ गोठवून, तपासून ‘स्टेबल’ म्हणून प्रसिद्ध केली जाते. प्रत्येक आवृत्तीस ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटमालिकेतील पात्राचे नाव देण्याची प्रथा आहे. ११वी आवृत्ती ‘बुल्सआय’ १४ ऑगस्ट २०२१ रोजी, १२वी ‘बुकवर्म’ १० जून २०२३ रोजी आणि १३वी ‘ट्रिक्सी’ ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. ‘अनस्टेबल’ शाखेचे नाव कायम ‘सिड’ असते. खेळणी मोडणाऱ्या मुलाचे हे नाव त्या शाखेच्या स्वभावास साजेसे आहे. प्रत्येक स्टेबल आवृत्तीस सुमारे तीन वर्षे पूर्ण आणि त्यानंतर दोन वर्षे दीर्घकालीन, असा एकूण पाच वर्षांचा पाठिंबा मिळतो.

‘स्टेबल’ या शब्दाचा येथील अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. त्याचा अर्थ ‘निर्दोष’ असा नसून ‘न बदलणारी’ असा आहे. आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावर तिच्यातील सॉफ्टवेअरची नवी वैशिष्ट्ये घेतली जात नाहीत. नव्या आवृत्तीतील केवळ सुरक्षाविषयक दुरुस्ती जुन्या आवृत्तीत बसवून दिली जाते. त्यामुळे आवृत्ती क्रमांक जुना दिसत असला तरी त्रुटी दूर झालेली असू शकते. केवळ क्रमांक पाहून सर्व्हर असुरक्षित ठरविणारे तपासणी-अहवाल यामुळेच पुष्कळदा दिशाभूल करतात.

या सावध धोरणाचा लाभ मार्च २०२४ मध्ये दिसून आला. एक्सझेड या संकोचन-ग्रंथालयात हेतुपुरस्सर पेरलेला चोरदरवाजा अँड्रेस फ्रॉइंड यांनी २९ मार्च २०२४ रोजी उघडकीस आणला. एसएसएच प्रवेशास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे त्यांच्या लक्षात आले होते. दूषित आवृत्ती डेबियनच्या टेस्टिंग व अनस्टेबल शाखांपर्यंत पोहोचली होती, स्टेबलपर्यंत पोहोचली नव्हती. मात्र स्टेबल शाखाही सर्वस्वी अचूक नसते. डिसेंबर २०२३ मध्ये बुकवर्मच्या १२.३ या दुरुस्ती-आवृत्तीसाठी तयार केलेल्या कर्नलमध्ये ईएक्सटी-४ फाइल-व्यवस्थेतील माहिती बिघडविणारा दोष आढळला. ती आवृत्ती थांबवून १० डिसेंबर रोजी १२.४ प्रसिद्ध करावी लागली. ज्यांचे सर्व्हर आपोआप अद्ययावत होत होते, त्यांतील काहींपर्यंत तो कर्नल तत्पूर्वीच पोहोचला होता. निवड कितीही विचारपूर्वक केली तरी बॅकअपला पर्याय नाही, हे या दोन्ही घटनांवरून स्पष्ट होते.

४. दैनंदिन संचालन

अपग्रेडचे यश त्याआधीच्या दोन वर्षांच्या शिस्तीवर अवलंबून असते. म्हणून दैनंदिन संचालनातील काही बाबींचा प्रथम विचार करणे योग्य ठरेल.

पहिली बाब पॅकेजच्या स्रोताची. डेबियनमध्ये सॉफ्टवेअर एपीटी या व्यवस्थेद्वारे मिळते. भांडाराच्या सूचीवर सांकेतिक स्वाक्षरी असते आणि सूचीत प्रत्येक पॅकेजचा पडताळा-क्रमांक असतो. त्यामुळे वाटेत फेरफार झालेले पॅकेज बसविले जात नाही. एक पॅकेज बसविताना त्यास लागणारी इतर पॅकेजेसही ही व्यवस्थाच शोधून आणते. बाहेरील भांडारे जोडली किंवा एखादा प्रोग्राम हाताने बसविला, की तेवढा भाग या व्यवस्थेच्या कक्षेबाहेर जातो. पुढे अपग्रेडच्या वेळी अडथळे बहुधा याच भागातून येतात.

दुसरी बाब सुरक्षाविषयक अद्ययावतीकरणाची. ही कामे आपोआप होण्याची सोय डेबियनमध्ये आहे. पण फाइल बदलली म्हणजे चालू असलेला प्रोग्राम बदलला असे होत नाही. आधीपासून चालू असलेली सेवा स्मृतीतील जुनेच ग्रंथालय वापरत राहते. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी जाहीर झाली, तेव्हा नवे पॅकेज बसवूनही वेब सर्व्हर पुन्हा सुरू न करणाऱ्यांचे सर्व्हर असुरक्षितच राहिले. म्हणून अद्ययावतीकरणानंतर कोणत्या सेवा पुन्हा सुरू करावयाच्या आहेत हे तपासणे, आणि कर्नल बदलल्यास संगणक पुन्हा सुरू करणे आवश्यक असते.

तिसरी बाब प्रवेशाची. दूरस्थ प्रवेश संकेतशब्दाऐवजी किल्लीने करावा, मुख्य प्रशासकाच्या खात्यात थेट प्रवेश बंद ठेवावा आणि गरजेपुरतीच दारे उघडी ठेवावीत. संकेतस्थळाच्या सुरक्षित जोडणीसाठी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची विनामूल्य प्रमाणपत्रे वापरली जातात. त्यांची मुदत मोजक्या दिवसांची असल्याने नूतनीकरण स्वयंचलित ठेवावे लागते. मुदत संपत आल्याची सूचना ई-मेलने पाठविणे या संस्थेने ४ जून २०२५ पासून थांबविले. त्यामुळे नूतनीकरण बंद पडल्याचे कळण्याची व्यवस्था सर्व्हरचालकालाच करावी लागते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची बाब बॅकअपची. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, हा सर्वमान्य संकेत आहे. पण प्रत घेतली जात आहे एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे असते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सेवेच्या मुख्य माहितीकोशातील माहिती एका कर्मचाऱ्याच्या हातून चुकून पुसली गेली. त्यानंतर असे आढळले की बॅकअप घेणारी आज्ञा पोस्टग्रेएसक्यूएलच्या ९.२ या जुन्या आवृत्तीची होती, तर माहितीकोश ९.६ आवृत्तीचा होता. त्यामुळे ती आज्ञा दररोज अपयशी ठरत होती. अपयशाची सूचना देणारे ई-मेलही स्वाक्षरीअभावी नाकारले जात होते. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक वेगळी प्रत उपलब्ध होती. तेवढ्या सहा तासांची माहिती मात्र गेली. प्रशिक्षित अभियंत्यांच्या संस्थेत जे घडले, ते एकट्याने सर्व्हर चालविणाऱ्या शिक्षकाच्या बाबतीत अधिक सहज घडू शकते. वर्षातून किमान दोनदा बॅकअपमधून माहिती दुसऱ्या संगणकावर पुन्हा उभी करून पाहणे, हाच त्याचा खरा पडताळा होय.

५. अपग्रेडची पूर्वतयारी

डेबियनची प्रत्येक आवृत्ती प्रसिद्ध होताना तिच्यासोबत प्रकाशन-टिपा दिल्या जातात. अपग्रेडच्या संदर्भात याहून महत्त्वाचा दस्तऐवज नाही. त्यातील ‘ज्ञात समस्या’ हे प्रकरण संपूर्ण वाचून, आपल्या सर्व्हरला लागू होणाऱ्या बाबींची यादी प्रथम करावी. बुकवर्मवरून ट्रिक्सीवर जाताना त्यातून निघणाऱ्या काही बाबी उदाहरणादाखल पाहता येतील.

(अ) यंत्राची पात्रता : ट्रिक्सीपासून ३२-बिटच्या जुन्या पीसी संगणकांसाठी अधिकृत कर्नल व इन्स्टॉलर दिले जात नाहीत. अशा संगणकांनी ट्रिक्सीवर जाऊ नये, असे प्रकाशन-टिपांतच म्हटले आहे. विभागातील जुन्या संगणकाचा सर्व्हर केला असल्यास ही बाब सर्वप्रथम तपासावी. असा संगणक चालू स्थितीत असला तरी सर्व्हर म्हणून त्याचे आयुष्य बुकवर्मपाशी संपते.

(आ) प्रवेशाची किल्ली : ट्रिक्सीतील ओपनएसएसएचमधून डीएसए प्रकारच्या किल्ल्यांचा आधार पूर्णपणे काढून टाकला आहे. ज्याची एकमेव किल्ली या प्रकारची आहे, त्याला अपग्रेडनंतर स्वतःच्याच सर्व्हरचे दार बंद झालेले आढळेल. त्यामुळे नव्या प्रकारची किल्ली आधीच तयार करून, तिने प्रवेश होतो याची खात्री करून घ्यावी.

(इ) तात्पुरत्या फाइलींची जागा : ट्रिक्सीमध्ये ‘टीएमपी’ ही निर्देशिका डिस्कऐवजी स्मृतीत ठेवली जाते व ती कमाल निम्मी स्मृती व्यापू शकते. एक जीबी स्मृतीच्या छोट्या आभासी सर्व्हरवर मोठ्या फाइली हाताळणाऱ्या प्रोग्रामांना यामुळे अडचण येऊ शकते.

(ई) सेवांच्या नव्या आवृत्त्या : पीएचपी ८.२ वरून ८.४ वर आणि पोस्टग्रेएसक्यूएल १५ वरून १७ वर जाते. डोव्हकॉट या ई-मेल सेवेची कॉन्फिगरेशन फाइल नव्या आवृत्तीत जुन्या स्वरूपात चालत नाही. स्वतःचा मेल-सर्व्हर चालविणाऱ्यांनी ही फाइल आधीच नव्या पद्धतीने लिहून, चाचणी घेऊन ठेवावी.

यानंतर पुढील कामे क्रमाने करावीत. चालू आवृत्ती पूर्णतः अद्ययावत करावी. रोखून धरलेली, बाहेरील भांडारातून आलेली आणि आता कोणत्याही भांडारात नसलेली पॅकेजेस शोधून त्यांचा निर्णय करावा. डिस्कवर, विशेषतः ‘बूट’ विभागात, पुरेशी जागा आहे का ते पाहावे. माहितीकोशाची स्वतंत्र प्रत, ‘ईटीसी’ निर्देशिका आणि बसविलेल्या पॅकेजेसची यादी यांचा बॅकअप सर्व्हरबाहेर ठेवावा. शक्य असल्यास या बॅकअपमधून आभासी यंत्रावर तोच सर्व्हर उभारून तेथे संपूर्ण अपग्रेडची रंगीत तालीम करावी. या तालमीचे दोन लाभ होतात. अडचणी आधी कळतात आणि बॅकअपही आपोआप तपासला जातो.

वेळेची निवडही महत्त्वाची आहे. नवी आवृत्ती आल्याच्या दिवशी अपग्रेड करण्याची निकड नसते, कारण आधीच्या आवृत्तीस त्यानंतरही सुमारे वर्षभर पूर्ण पाठिंबा असतो. अनेक अनुभवी चालक पहिल्या दुरुस्ती-आवृत्तीची वाट पाहतात. ट्रिक्सीच्या बाबतीत ती ६ सप्टेंबर २०२५ रोजी आली. प्रवेशप्रक्रिया, सत्रपरीक्षा किंवा मूल्यांकन यांचा काळ टाळून सुट्टीतील दोन सलग दिवस निवडावेत, हे सांगणे न लगे.

६. प्रत्यक्ष प्रक्रिया

अपग्रेडची सुरुवात भांडारांच्या यादीतील आवृत्तीचे नाव बदलण्यापासून होते. येथे एक सूक्ष्म धोका असतो. काही जण यादीत आवृत्तीच्या नावाऐवजी केवळ ‘स्टेबल’ असे लिहितात. नवी आवृत्ती प्रसिद्ध होताच तिलाच ‘स्टेबल’ म्हटले जाते. मग नेहमीचे अद्ययावतीकरण समजून दिलेली आज्ञा प्रत्यक्षात पूर्वतयारीविना अपग्रेड सुरू करू शकते. यास्तव यादीत नेहमी ‘बुकवर्म’ किंवा ‘ट्रिक्सी’ असे नावच लिहावे.

भांडारांची रचनाही मधूनमधून बदलते. बुल्सआयपासून सुरक्षा-भांडाराच्या नावाची पद्धत बदलली. बुकवर्मपासून यंत्रसामग्रीस लागणाऱ्या, पण मुक्त नसलेल्या फर्मवेअरसाठी स्वतंत्र विभाग निर्माण झाला. तो यादीत न जोडल्यास प्रोसेसरसंबंधीच्या दुरुस्त्या येणे थांबते आणि त्याबद्दल कोणताही मोठा इशारा मिळतोच असे नाही. सर्व काही सुरळीत दिसत असताना दुरुस्त्या न येणे, ही सर्व्हरच्या बाबतीत सर्वांत फसवी अवस्था होय.

दूरस्थ जोडणीवरून अपग्रेड करताना जोडणी तुटली तर प्रक्रिया अर्धवट राहू शकते. म्हणून ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’ यांसारख्या साधनात काम करावे. जोडणी तुटली तरी त्यातील काम चालू राहते. सेवादात्याने दिलेला आपत्कालीन कन्सोल, किंवा घरच्या सर्व्हरच्या बाबतीत प्रत्यक्ष कळफलक व पडदा, हाताशी असावा. संपूर्ण कामाची नोंद एका फाइलमध्ये होईल अशी व्यवस्था करावी.

अपग्रेड दोन टप्प्यांत करण्याची शिफारस आहे. पहिल्या टप्प्यात नवी पॅकेजेस न बसविता व जुनी न काढता जेवढी पॅकेजेस बदलता येतील तेवढी बदलली जातात. दुसऱ्या टप्प्यात पूर्ण अपग्रेड होते. या वेळी काढून टाकावयाच्या पॅकेजेसची यादी दाखविली जाते. ती लक्षपूर्वक वाचल्याशिवाय संमती देऊ नये. आवश्यक सेवा त्या यादीत दिसल्यास तेथेच थांबून कारण शोधणे, हे नंतर दुरुस्ती करण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते.

अपग्रेड चालू असताना कॉन्फिगरेशन फाइलींबाबत प्रश्न विचारले जातात. चालकाने फाइल बदललेली असेल आणि नव्या पॅकेजमध्येही ती बदलली असेल, तर कोणती ठेवावी असा तो प्रश्न असतो. काहीच उत्तर न दिल्यास चालकाची फाइल कायम राहते व नवी फाइल शेजारी वेगळ्या नावाने ठेवली जाते. हे सुरक्षित आहे, पण पुरेसे नाही. नव्या फाइलीतील आवश्यक बदल जुन्या फाइलीत नंतर हाताने घ्यावे लागतात. ‘ईटीसी’ निर्देशिकेतील प्रत्येक बदलाची तारीख व कारण नोंदविलेले असल्यास हे काम तासाभरात होते. नोंद नसल्यास तीन वर्षांपूर्वी आपण अमुक ओळ का लिहिली होती, याचा उलगडा स्वतःलाच होत नाही.

एक आवृत्ती ओलांडून थेट पुढील आवृत्तीवर जाण्यास डेबियनचा पाठिंबा नाही. बुल्सआयवरील सर्व्हर ट्रिक्सीवर न्यावयाचा असल्यास प्रथम बुकवर्मवर थांबावे लागते. ज्याने दोन अपग्रेड टाळली, त्याला दोन्ही एकापाठोपाठ करावी लागतात आणि दोन्हींच्या प्रकाशन-टिपा वाचाव्या लागतात.

७. अपग्रेडनंतरच्या अदृश्य अडचणी

संगणक पुन्हा सुरू झाला, संकेतस्थळ दिसू लागले, म्हणजे काम संपले असे नाही. पोस्टग्रेएसक्यूएलच्या बाबतीत माहिती आपोआप नव्या आवृत्तीत जात नाही. नव्या आवृत्तीचा रिकामा संच जुन्याच्या शेजारी वेगळ्या क्रमांकाच्या दारावर तयार होतो. जुना संच पूर्ववत चालत राहतो. सर्व सुरळीत दिसते, पण जुन्या पॅकेजला आता नव्या आवृत्तीकडून सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत. माहितीचे स्थलांतर स्वतंत्र आज्ञेने करून, पडताळून, मगच जुना संच काढावा लागतो.

याहून गहन उदाहरण जुलै २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १० ‘बस्टर’चे आहे. सी भाषेच्या मूलभूत ग्रंथालयाच्या, म्हणजे जीलिबसीच्या, २.२८ या आवृत्तीत शब्दांच्या क्रमवारीचे नियम आंतरराष्ट्रीय मानकाच्या नव्या आवृत्तीनुसार बदलले गेले. बस्टरमध्ये हेच ग्रंथालय होते. पोस्टग्रेएसक्यूएल शब्दांची क्रमवारी लावण्यासाठी सर्वसाधारणपणे कार्यप्रणालीच्या या ग्रंथालयावर विसंबून असते आणि तिचे निर्देशांक त्या क्रमवारीनुसार रचलेले असतात. उदाहरणार्थ, इंग्रजी क्रमवारीत जोडरेघ असलेला ‘१-१’ हा मजकूर पूर्वी ‘११’च्या नंतर येत असे, तो आता आधी येऊ लागला.

परिणामी जुने निर्देशांक जुन्या क्रमाने आणि शोध मात्र नव्या क्रमाने, अशी स्थिती निर्माण झाली. दाखलांक किंवा वर्गांक जोडरेघेसह नोंदविलेल्या ग्रंथसूचीची कल्पना केल्यास याचा अर्थ चटकन ध्यानात येईल. ग्रंथालयातील तालिका-पत्रे जुन्या वर्णक्रमाने लावलेली आणि ग्रंथपाल मात्र नव्या वर्णक्रमाने शोधणारा, असा हा प्रकार होय. नोंद अस्तित्वात असूनही शोधात सापडत नाही. एकमेव असावी अशी नोंद दुसऱ्यांदा स्वीकारली जाऊ शकते. कोणताही त्रुटी-संदेश मात्र येत नाही. निर्देशांक पुन्हा रचण्याची एक आज्ञा दिली की प्रश्न सुटत असे, पण ती द्यावयाची असते हे माहीत असणे आवश्यक होते.

म्हणून अपग्रेडनंतर सेवा चालू आहेत एवढेच न पाहता त्या योग्य उत्तर देतात का, हे तपासावे. यासाठी आधीच एक छोटी तपासणी-यादी असावी. ठरावीक दहा नोंदी शोधून पाहणे, देवनागरी मजकूर नीट दिसतो व वर्णक्रमाने लागतो का ते पाहणे, ई-मेल पाठवून व घेऊन पाहणे, प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाची चाचणी करणे, आणि रात्रीचा बॅकअप दुसऱ्या दिवशी उघडून पाहणे एवढ्या गोष्टी तिच्यात असाव्यात. गिटलॅबच्या घटनेत आवृत्तीतील फरकामुळेच बॅकअप बंद पडला होता, हे येथे पुन्हा लक्षात घेतले पाहिजे.

८. अपग्रेड न करण्याचा पर्याय

‘चालले आहे ते कशाला बिघडवा’ ही भूमिका समजण्यासारखी आहे. तथापि ती काही काळच टिकते. पाठिंबा संपल्यावर नव्या त्रुटींच्या दुरुस्त्या येत नाहीत. दुसरीकडे, दुरुस्त्यांसोबत प्रसिद्ध होणारा तपशील हल्लेखोरांनाही उपलब्ध असतो. शिवाय काही मर्यादा काळच घालून देतो. १९ जानेवारी २०३८ रोजी, जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटे ७ सेकंदांनंतर, वेळ ३२-बिट संख्येत मोजणाऱ्या प्रणालींचे गणन चुकणार आहे. ट्रिक्सीमध्ये जुन्या ३२-बिट पीसी वगळता सर्व रचनांसाठी वेळेची ६४-बिट मोजणी स्वीकारून ही अडचण दूर केली आहे. हा लाभ अपग्रेड न करणाऱ्यास मिळू शकत नाही.

अर्थात, प्रत्येकाने सर्व्हर चालवावाच असेही नाही. दर आठवड्याला अर्धा तास आणि दर दोन वर्षांनी दोन दिवस देणे ज्याला शक्य नाही, त्याने तो वेळीच रीतसर बंद करून माहिती अन्यत्र हलविणे हाही जबाबदार निर्णय आहे. बदली, निवृत्ती किंवा आजारपण यांमुळे चालक दूर झाल्यास सर्व्हरचे काय होईल, याचे उत्तर लिहून ठेवलेले असावे. कोणाला कोणती किल्ली द्यावयाची आणि माहिती कोठे सोपवावयाची, हे न लिहिता सोडलेला सर्व्हर वर्षानुवर्षे बेवारस चालत राहतो.

९. निष्कर्ष

१. मुक्तस्रोत परवान्याने वापरण्याचे, अभ्यासण्याचे व बदलण्याचे स्वातंत्र्य मिळते. सुरक्षित संचालनाची हमी त्यातून मिळत नाही, ती चालकाला स्वतः निर्माण करावी लागते.

२. वितरण निवडताना वैशिष्ट्यांपेक्षा पाठिंब्याचा निश्चित कालावधी आणि त्यामागील संस्थेचे स्वरूप यांना अधिक महत्त्व द्यावे.

३. अपग्रेडमधील बहुतेक अडचणी प्रकाशन-टिपांत आधीच नोंदविलेल्या असतात. त्या वाचणे हा प्रक्रियेचा पहिला टप्पा मानावा.

४. पुन्हा उभा करून पाहिलेला बॅकअप हाच खरा बॅकअप होय.

५. सर्वांत गंभीर बिघाड त्रुटी-संदेशाविना होतात. म्हणून अपग्रेडनंतरची पडताळणी सेवांच्या अस्तित्वाची नव्हे, तर त्यांच्या अचूकतेची असावी.

६. केलेल्या प्रत्येक बदलाची कारणासह नोंद ठेवावी. दोन वर्षांनंतर हाच दस्तऐवज सर्वाधिक उपयोगी पडतो.

एकंदरीत, जो सर्व्हर नोंदी व बॅकअप यांच्या आधारे कोऱ्या यंत्रावर पुन्हा उभारता येतो आणि पुढील आवृत्तीवर नेता येतो, तोच खऱ्या अर्थाने चालकाच्या मालकीचा असतो. ज्याला हात लावण्याची भीती वाटते तो सर्व्हर कागदोपत्री स्वतःचा असला, तरी प्रत्यक्षात चालकच त्याच्या स्वाधीन झालेला असतो. नियमित अपग्रेड ही भीती टप्प्याटप्प्याने कमी करते. वैयक्तिक सर्व्हर चालविण्यातून शिक्षकाला मिळणारे खरे तांत्रिक शिक्षणही हेच होय.